नऊ नंबरची लाइन

(स्वयंपाकघर. शेजारच्या खोलीचं दार लोटलेलं, पण पुरतं नाही.)

ताई: तो डबा मी उघडणार नाही. आत काहीतरी हललं.

बारक्या: काही हललं नाही. भाजी आहे.

ताई: कधीची?

बारक्या: परवाची असेल.

ताई: परवाच्या भाजीला लव फुटते का रे? दाताच्या दवाखान्यात काम करते मी. दिवसभर लोकांच्या तोंडात हात. किडक्या दाढा, सुजलेल्या हिरड्या, पू, रक्त, सगळं बघते आणि डबा उघडून जेवते. कधी शिसारी आली नाही. आज तुझ्या सिंकपुढे उभी राहिले आणि आली.

बारक्या: मग नको ना उभी राहूस. मी आवरणार होतो.

ताई: कधी? बायको परत आल्यावर?

बारक्या: तिचं नाव मध्ये आणू नकोस.

ताई: बरं. आणि हे काय? चहाच्या टेबलावर, आईच्या कपाशेजारी? ही पायाची नखं ना?

बारक्या: असतील.

ताई: असतील! ती कप ठेवते तिथे! अरे, जनावरसुद्धा खातं तिथे घाण करत नाही.

बारक्या: हळू बोल. आई झोपलीय.

ताई: झोपलेली नाही. मघाशी डोळ्यांत थेंब घातले मी, जरा वेळ मिटून पड म्हटलंय. आणि तिला काही ऐकू जात नाही इथलं. उजव्या कुशीवर पडलीय, चांगला कान उशीत आहे. डावा तर टेलिफोनच्या नोकरीत हेडफोनने केव्हाच खाल्ला तिचा.

बारक्या: तरी हळू बोल.

ताई: बोलते. बस खाली. सुट्टी टाकून आले ती तुझा सिंक घासायला नाही.

बारक्या: मग?

ताई: आईने परवा तिचा मेलचा पासवर्ड दिला मला, फोनवर. म्हणाली, ‘माझ्या मेलला काहीतरी झालंय. कुणी बोलतच नाही माझ्याशी. तू जरा बघशील का?’ तुला नाही सांगितलं, मला सांगितलं. म्हटलं, बारक्या आहे ना घरात. तर म्हणाली, ‘त्याला रोज विचारते, तो नाही म्हणतो, आता किती वेळा विचारू?’

बारक्या: त्या टेलिफोनवाल्या बायकांचं ना? कंटाळल्या असतील एकमेकींना. वय झालंय.

ताई: कंटाळल्या असतील? ट्रंक कॉल जोडण्यात जन्म गेला त्यांचा. चार गावांतल्या चार एक्स्चेंजमध्ये बसून रात्रंदिवस एकमेकींचे आवाज ऐकले, तोंड एकीचंही बघितलं नाही. अजून एकमेकींना नावाने हाक मारत नाहीत, टेबलाच्या नंबराने मारतात. निवृत्त झाल्या, निम्म्याजणी बहिऱ्या झाल्या, म्हणून फोन सोडला आणि मेल धरली. एका पत्त्यावर एकीने लिहिलं की सगळ्यांना जातं. आईचं दुसरं आहे काय आता, सांग मला. आणि त्या कंटाळतील?

बारक्या: मला माहितेय हे सगळं. मला कशाला ऐकवतेस?

ताई: तुला माहितेय म्हणूनच ऐकवतेय. हा घे माझा मोबाइल. आईची मेल उघडलीय. वाच मोठ्यांदा.

बारक्या: चष्मा आत आहे.

ताई: बरं झालं, मी वाचते. ‘आपण या यादीत नाही. आपले पत्र परत पाठवण्यात येत आहे.’ कोणाकडून? सुपरवायझरकडून.

बारक्या: कोण सुपरवायझर?

ताई: वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. यादीचं यंत्र. नाव बायकांनीच ठेवलंय. आईने शंभरदा सांगितलंय आपल्याला हसत हसत. त्याच्याशी गप्पा चालत नाहीत, फक्त हुकूम. एक शब्द कमीजास्त झाला की तोंडावर फेकून मारतं, अगदी जुन्या सुपरवायझर बाईंसारखं.

बारक्या: बरं, मग?

ताई: मग ऐक. आईचं पत्र: ‘सतरा, ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली, तुला पहिलं पत्र लिहितेय.’ परत. पुढचं: ‘सतरा, माझं पत्र पोचलं का?’ परत. ‘सतरा, तू रागावलीस का माझ्यावर?’ परत. आणि हे शेवटचं, सगळ्यांना: ‘बायांनो, माझ्याकडून काही कमीजास्त बोललं गेलं असेल तर पदरात घ्या, पण अशा गप्प बसू नका.’ तेही परत. आणि ती परत आलेली पत्रं आईला दिसलीच नाहीत. का नाही दिसली?

बारक्या: मेलचं होतं असं कधीकधी. स्पॅममध्ये वगैरे जातं.

ताई: स्पॅममध्ये नव्हती. कचऱ्यात होती. कुणीतरी नियम लावून ठेवलाय, सुपरवायझरकडून काहीही आलं की आईला न दाखवता थेट कचऱ्यात टाकायचं. आता आई स्वतःच्या हाताने असा नियम लावेल का?

बारक्या: मला काय विचारतेस?

ताई: कारण त्याच कचऱ्यात, जरा खाली, हे पडलंय. आईच्या पत्त्यावरून सुपरवायझरला: ‘नमस्कार. कृपया माझे नाव आपल्या यादीतून कमी करावे ही विनंती. धन्यवाद.’ आणि त्याचं उत्तर: ‘नमस्कार: असा हुकूम नाही. कृपया: असा हुकूम नाही. धन्यवाद: असा हुकूम नाही.’

बारक्या: मोबाइल दे इकडे.

ताई: यंत्राला नमस्कार कोण करतं रे आपल्या घरात? तुझ्या त्या विम्याच्या ऑफिसातलं पत्र वाटतंय. आई तर बाकीच्या बायकांना शिकवायची. बोलायचा पत्ता वेगळा, हुकमाचा वेगळा. हुकमाच्या पत्त्यावर ओळीत एकच शब्द, आणि खाली एंड. एंड नाही लिहिलं तर ते थांबत नाही, तुमची सहीसुद्धा हुकूम समजून वाचत बसतं. इथे तर दुसऱ्या खेपेला खाली आईची आख्खी सही तशीच आहे. ‘टेबल नऊ: असा हुकूम नाही.’

बारक्या: पुरे.

ताई: तिसऱ्या खेपेला हेल्प लिहिलंस. त्याने बिचाऱ्याने नियम पाठवले. मग जमलं. अनसबस्क्राइब, एंड. आणि मग त्याने विचारलं, बारक्या. ‘आपण खरोखर यादी सोडू इच्छिता का? इच्छित असल्यास कन्फर्म असे लिहून पाठवा.’ यंत्र ते, त्यालासुद्धा वाटलं एकदा विचारावं. आणि तू कन्फर्म लिहिलंस.

बारक्या: झालं तुझं?

ताई: कचरा रिकामा करायची सवय नाही ना तुला. ना घरातला, ना मेलमधला. म्हणून सापडलास.

बारक्या: हो. मीच केलं. झालं समाधान?

ताई: समाधान? ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीची तारीख आहे यावर. आईच्या डोळ्याला पट्टी होती. तिने तुला जवळ बसवलं, म्हणाली मेल वाचून दाखव. तू तिच्या पलंगावर बसलास, वाचून दाखवलीस, आणि त्याच हाताने तिला काढून टाकलंस. किळस आली रे मला. ही नखं, हा सिंक, हे काहीच नाही. तुझी किळस आली.

बारक्या: तुला किळस आली? मी काय वाचत होतो तिथे बसून, ते माहितेय तुला?

ताई: नाही. सांग.

बारक्या: माझ्याबद्दल होतं. आईने ऑपरेशनला जायच्या आधी लिहिलेलं. सगळ्यांना. ‘सून माहेरी गेली ती गेलीच. बारक्या चार चार दिवस एकच बनियन घालतो. घराला वास येतो.’ ठीक आहे, येतो. मला कळत नाही असं नाही. पण पुढे... ‘ऑफिसातून आला की बाथरूममध्ये जातो, नळ सोडतो आणि रडतो. त्याला वाटतं मला ऐकू येत नाही.’

ताई: आईने असं लिहिलं?

बारक्या: मी पाठ म्हणून दाखवतोय तुला. आणि खाली उत्तरं. एकीने लिहिलं, ‘मग पाण्याचं बिल कोण भरतं गं?’ दुसरीने नुसते हसणारे चेहरे. तिसरी म्हणाली, ‘त्याला लवकर दुसरी बघ, बनियनसकट घेणारी.’ मी मनात हे वाचत होतो आणि तोंडाने म्हणत होतो, ‘आई, सगळ्यांनी तब्येत विचारलीय.’ ती पट्टीखाली हसत होती.

ताई: बारक्या...

बारक्या: थांब, अजून आहे. त्यांतल्या एकीचा भाचा आमच्या ऑफिसात आहे, क्लेमच्या टेबलावर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पॅन्ट्रीत मला म्हणाला, ‘सर, घरी सगळं ठीक ना? पाणीबिणी येतं ना?’ आणि मागे दोघं फिस्कन हसले. मला कळलंच नाही. मी म्हटलं, हो, येतं की, दोन्ही वेळ येतं. मी त्यांना पाण्याची वेळ सांगितली, ताई! मेल वाचली तेव्हा कळलं ते का हसले. वाटलं, ही यादीच नको. घाण आहे ही. आपल्या घरात ही मोरीच नको.

ताई: हे मला माहीत नव्हतं.

बारक्या: कसं असणार? तू फोन करतेस, ‘बरी आहेस ना गं’, ती म्हणते ‘बरी आहे’, संपलं. इथे रोज कोण असतं?

ताई: हे बोल मला, ऐकून घेते. आईचं चुकलं, तेही मान्य. मग तिच्याशी भांडायचंस. पट्टी निघाल्यावर तिच्यासमोर उभं राहून विचारायचंस, माझ्या रडण्याची जाहिरात का केलीस. तिने ऐकलं असतं. पण तू काय केलंस? न बोलता मागच्या मागे लाइन कापलीस. आपण लहान होतो, रात्री गप्पा मारत पडायचो. ती दिवा मालवायला यायची तेव्हा काय विचारायची?

बारक्या: ते नको आता.

ताई: काय विचारायची?

बारक्या: ‘बोलणं झालं का?’

ताई: टेबलावरचा नियम होता तो. दोन माणसं लाइनवर असली की कॉर्ड काढायच्या आधी मध्ये जायचं आणि विचारायचं, बोलणं झालं का. न विचारता खेचली तर मेमो. आईला उभ्या नोकरीत असा एक मेमो नाही. आणि पोटच्या पोराने तिची खेचली.

बारक्या: टेबलाचे नियम तू मला शिकवू नकोस. आणखी एक होता. लाइनवर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही. कुणाचं लग्न मोडलं, कोण गेलं, सगळं तिच्या कानावरून जायचं आणि आपल्याला कधी अक्षर कळलं नाही. अख्ख्या गावाचं पोटात ठेवलं तिने. मग माझंच कसं बाहेर आलं? बोल ना. मघापासून बोलतेयस, आता बोल.

ताई: बरोबर आहे तुझं.

बारक्या: हं.

ताई: ते बरोबर आहे. पण तुझ्या हातून झालं ते त्याहून वाईट झालंय, आणि तुला त्याचा पत्ताच नाही. हा फोटो बघ.

बारक्या: कुणाचा?

ताई: सतरा नंबरच्या बाई आहेत ना, त्याच चालवतात ती यादी. परत आलेल्या पत्राखाली त्यांचा पत्ता होता, काल मी त्यांना माझ्या मेलवरून विचारलं, माझी आई तुमच्यात नाही का आता? आज सकाळी उत्तर आलं. लिहितात, ‘नऊ स्वतःहून गेली. आम्ही तिच्या मुलाला हसलो, तिला लागलं असणार. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी माफी मागितली, पण तोवर ती गेलेली होती. गेलेल्या बाईला का गेलीस म्हणून विचारायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे. गेल्या रविवारी आम्ही भेटलो. तिला फोटो दाखवा, आवडला तर.’

बारक्या: भेटलो म्हणजे?

ताई: भेटल्या म्हणजे भेटल्या. प्रत्यक्ष. आयुष्यात पहिल्यांदा. चेहरे कुणालाच माहीत नाहीत, म्हणून प्रत्येकीने छातीवर पुठ्ठा लावलाय, टेबलाचा नंबर लिहून. या बघ सतरा. केवढ्याशा आहेत! आई म्हणायची, आवाजावरून पहिलवान वाटते. या बारा, वॉकर घेऊन आल्यात. आणि मधली ही खुर्ची.

बारक्या: नऊ.

ताई: नऊचा पुठ्ठा. खुर्चीवर ठेवलाय. भेटायचं हे काढलं कुणी, माहितेय? आईने. तारीख तेवढी ठरायची होती, तिच्या ऑपरेशननंतर. डोळ्यांसाठी आपण तिच्यापुढे किती डोकं फोडलं, आठवतं ना? ढिम्म हलली नाही. मग एकाएकी कशी तयार झाली, विचारलंस कधी?

बारक्या: म्हणाली, पेपर वाचता येत नाही.

ताई: मला म्हणाली, ‘आवाज सगळ्यांचे पाठ आहेत. आता एकदा तोंडं बघायचीत. तेवढ्यासाठी डोळे करून घेते.’ नवे बूट आणलेत तिने. मघाशी झाडताना पलंगाखाली खोकं दिसलं. तळ अजून कोरे आहेत.

बारक्या: मला तारीख माहीत नव्हती, ताई. शपथ. मी वाचलं त्यात भेटीचं अक्षर नव्हतं.

ताई: असतं तर काढलं नसतंस तिला?

बारक्या: माहीत नाही.

ताई: निदान हे तरी खरं बोललास.

बारक्या: मला वाटलं होतं, राग उतरला की परत घालू तिचं नाव. कुणाला कळणारही नाही. मग पट्टी निघाली आणि ती रोज विचारायला लागली, ‘आलं का रे काही?’ मी नाही म्हणायचो. आणि ती म्हणायची, ‘रागावल्या असतील. माझंच काहीतरी चुकलं असेल.’ ती असं म्हणाली की मी चहाचा कप तोंडाला लावायचो. एकेक दिवस गेला तसं ते आणखी सडत गेलं. त्या भाजीच्या डब्यासारखं. उघडायचीच भीती वाटायला लागली.

ताई: आता उघडलाय. तिला कोण सांगणार?

बारक्या: तू सांग. काहीतरी तांत्रिक सांग. सर्व्हर बंद पडला होता म्हण. इतके दिवस बंद होता, आता चालू झाला.

ताई: आत्ता कुठे तुझी जरा दया यायला लागली होती. गेली ती.

बारक्या: तिला सहन होणार नाही, ताई.

ताई: तुला सहन होणार नाही. तिच्या नावावर खपवू नकोस.

आई: सर्व्हर बंद असला की सुपरवायझर उत्तरच देत नाही. खोटं बोलायचं तर आधी माहिती काढावी.

ताई: आई! तुला पडून राहा म्हटलं होतं ना?

आई: पडूनच होते. कूस बदलली फक्त.

ताई: कधी?

आई: नखांवरून तुझा आवाज चढला तेव्हा. खुर्ची दे जरा. डोळे चिकटलेत, काही दिसत नाही. त्या टेबलाला हात लावू का, की अजून आहेत तिथे?

बारक्या: उचलतो. आई, मी...

आई: आधी उचल. टाकलीस? हात धू. आता बस. आधी माझं. तुझ्या नळाचं मी लिहिलं. लिहायला नको होतं. कोणाची लाइन असो, बाहेर बोलायचं नाही, हे मलाच कुणी सांगावं अशी वेळ आली. त्या भाच्याचं मला माहीत नव्हतं. ते ऐकून मला आत माझीच शिसारी आली.

बारक्या: असू दे आता.

आई: असू दे कसं? मला त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. पोरगा असा आत कोंडून घेऊन रडत असला तर आईने दार वाजवावं की नाही. मी रोज दारापर्यंत यायचे आणि परत जायचे. तेवढंच विचारायचं होतं. बनियन आणि वास वगैरे लिहिण्याच्या भरात गेलं.

बारक्या: ते नव्हतं त्यात.

आई: शेवटी होतं. तू शेवटपर्यंत गेला नसशील.

बारक्या: नाही गेलो.

आई: हे माझं झालं. आता तुझं. घराचा वास सोसला मी. खरकटी भांडी सोसली. सून गेली तरी तुला बोलले नाही. पण हे काय केलंस रे? एकेकीला मी काय काय बोलले असेन ते आठवत बसले. सतराला कधी टोचून बोलले, बाराच्या सुनेला कधी नावं ठेवली, सगळं उकरून काढलं. झोप लागेना. आणि तू समोर बसून चहा पीत होतास. मला वीट आला तुझा, बारक्या. खरंच वीट आला.

बारक्या: माफ कर मला.

आई: नाही करत. एवढ्यात तरी नाही. ताई, त्याला तो मोबाइल दे. मला दिसत नाही, तोच लिहील. हुकमाच्या पत्त्यावर. विषयाची जागा कोरी. पहिली ओळ सबस्क्राइब. दुसरी ओळ एंड. बाकी काही नको, तुझी विनंतीबिनंती घालू नकोस.

बारक्या: पाठवलं. पण उत्तर दिसत नाही.

ताई: कसं दिसेल? कचऱ्यात बघ. तुझा नियम अजून जागेवर आहे.

बारक्या: काढतो. काढला. आलंय. कन्फर्म करायचं का विचारतंय. करू?

आई: मला विचारतोयस?

बारक्या: हो.

आई: कर.

बारक्या: केलं. तू यादीत आहेस म्हणतंय.

आई: आता गेट लिही, पुढे मागचा महिना, खाली एंड. मी नसताना जे झालं ते सगळं एका गठ्ठ्यात पाठवतं ते.

बारक्या: आई, त्यात सगळं माझंच असेल.

आई: असेल. वाच मोठ्यांदा.

बारक्या: ‘मग पाण्याचं बिल कोण भरतं गं?’ हे मी वाचलंय.

आई: मी नाही वाचलेलं. मला तू तब्येत विचारलीय म्हणून सांगितलं होतंस, मग मागचं उघडून बघितलंच नाही मी. पुढे.

बारक्या: ‘त्याला लवकर दुसरी बघ...’ हे ते बनियनचं. मग... हे दुसऱ्या दिवशीचं आहे. त्या बिलवालीचंच. ‘नऊ, काल मी बिलाचं लिहिलं, रात्री त्याची लाज वाटली. आम्ही सगळ्या हसलो आणि तू विचारलंस त्याचं उत्तर एकीनेही दिलं नाही. माझा धाकटा भाऊ असाच कोंडून घ्यायचा. मी दार वाजवलं नाही, म्हटलं त्याला आवडायचं नाही. तू वाजव. चिडला तर चिडू दे. तू...’

आई: पुढे.

बारक्या: मी जरा तोंड धुवून येतो.

आई: बस खाली. नळाकडे जायचं नाही.

बारक्या: आई, जाऊ दे ना.

आई: इथेच बस. रडायचं तर रड इथे. मी कुठे लिहिणार नाही.

ताई: हा घे रुमाल. घे म्हटलं ना. स्वच्छ आहे, माझा आहे.

आई: भांडी नंतर घास, ताई. आवाज नको.

ताई: नाही घासत.

बारक्या: नवीन आलंय एक. आत्ताचं. सतराकडून. तिला इतक्यात कसं कळलं?

आई: कोण आलं, कोण गेलं, सुपरवायझर तिला कळवतं. वाच.

बारक्या: ‘नऊ, तुझी लाइन मध्येच गेली होती. बोलणं झालं होतं का?’

ताई: आई, चोळू नकोस डोळे.

आई: नाही चोळत. लिही, बारक्या. ‘झालं नव्हतं. माझ्या घरातूनच खेचली गेली.’

बारक्या: कुणी खेचली ते लिहायचं का?

आई: लिहू का? तुझं आहे, तुला विचारते.

बारक्या: लिही. म्हणजे... मी लिहितो. ‘माझ्या मुलाने खेचली. मला विचारलं नाही.’

आई: खाली लिही, बूट अजून कोरे आहेत.

बारक्या: लिहिलं. खाली एंड लिहू?

आई: एंड त्या यंत्राला. तिला कशाला?